नळी खाली, उजेड समोर

वंदनाताई रामटेके यांची नि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्या हातात एक कार्बाइन दिली आणि विचारलं, "पुण्यात कुठे?"

कार्बाइन म्हणजे आखूड नळीची रायफल. आमच्याकडची नकली होती. तिच्यातून गोळी सुटणं शक्य नव्हतं, पण वजन आणि तोल अगदी खऱ्यासारखा. सिंगापूरमध्ये खेळण्यातली बंदूकसुद्धा कुणी सहज बाळगू शकत नाही, त्यामुळे त्या नकलेलाही परवाना होता आणि ती दोन किल्ल्यांच्या लोखंडी कपाटात राहायची. क्वीन्सटाउनच्या बाजूला, एका बिझनेस पार्कच्या चौथ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा होती. माणूस हातात धरतो अशी कुठलीही वस्तू आम्ही तपासायचो. ड्रिल मशीन, इस्पितळातल्या खाटेचे दांडे, अग्निशमनवाल्यांचे नळ. त्या वर्षी शेजारच्या एका देशाच्या सागरी पोलिसांचं काम आलं होतं. त्यांच्या कार्बाइनवर काय काय बसवायचं ते आम्ही सुचवायचं होतं. देशाचं नाव करारामुळे तेव्हाही सांगता येत नव्हतं, आताही सांगत नाही.

"खांद्याला लाव. हां, अशी. समोर त्या घड्याळावर धर," ताई म्हणाल्या. "तर पुण्यात कुठे?"

मी म्हटलं, कोथरूड. मग त्यांनी विचारलं, घरी कोण कोण, इथे राहतोस कुठे, बुओना व्हिस्टाला कॉण्डोत रूम शेअर करून राहतोस तर स्वयंपाक कोण करतं, भाकरी येते का, पोळी तरी येते का. मी उत्तरं देत होतो आणि बंदूक घड्याळावर धरून होतो. नळीभोवतीच्या आवरणाला, जिथे डावा हात धरतो त्याला, हँडगार्ड म्हणतात. त्या हँडगार्डला चारी बाजूंनी खाचांच्या पट्ट्या होत्या, म्हणजे रेल. आणि त्या रेलवर टॉर्च, लेझर, उभी मूठ, असं सगळं लटकलेलं. वर एक जाडजूड झूमची दुर्बीण. आईच्या गुडघ्यांबद्दल सांगत असताना माझा डावा हात थरथरायला लागला. ताईंनी ते पाहिलं, आणि आईला कुठलं तेल लावता असं विचारलं. मी तेलाचं नाव सांगेपर्यंत नळीचं टोक घड्याळावरून खाली भिंतीवर आलं होतं.

"आता सांग," त्या म्हणाल्या, "यातलं काय काढू?"

"सगळंच काढा," मी म्हटलं.

त्या हसल्या. पुढच्या तीन वर्षांत मी त्यांना फार वेळा हसताना पाहिलं नाही, म्हणून ते हसू लक्षात राहिलं आहे.

ऑफिसात सगळे त्यांना नुसतं 'वंदना' म्हणत. तिथली रीतच तशी. मला ते जमेना. मॅडम म्हटलेलं त्यांना आवडेना. मग ताई म्हणू लागलो. त्या मूळच्या नागपूरच्या, वय पन्नाशीच्या जवळ. ठेंगण्या, केस बारीक कापलेले, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. बोलणं प्रमाण मराठी, पण रागावल्या की आतलं नागपूर वर यायचं. "काहून सांगून नाही राहिला तू?" असं कानावर आलं की समजायचं, आज जपून.

त्यांचा हात सतत काहीतरी चाचपत असायचा. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, उभ्या असल्या तर खांबावरचा रंग कुठे घासून गेलाय ते बोटाने बघायच्या. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, ट्रे उचलला की त्याची कड अंगठ्याखाली फिरवायच्या. डबा घरचा असायचा, फक्त कोपी, म्हणजे तिथली कॉफी, विकत घ्यायच्या, आणि तो गरम कप लोक कुठे धरतात ते बघत बसायच्या. हँडगार्ड तपासायची त्यांची एक रीत आम्हा सगळ्यांना पाठ झाली होती. त्या घरून एक जुनी, धुऊन धुऊन विरलेली सुती ओढणी आणत आणि ती हँडगार्डवरून हळूच ओढत. जिथे सूत अडकलं तिथे खडूची खूण. "घामेजलेला तळवा असाच असतो," म्हणत. चारी बाजूंनी दातेरी रेल असलेल्या हँडगार्डवर खडूच खडू व्हायचा.

विक्रेते यायचे ते मोठमोठ्या बॅगा घेऊन. त्यांचं म्हणणं एकच: पूर्ण रेल घ्या, उद्या काय लावावं लागेल कुणी सांगावं. ताई त्यांच्याच हातात त्यांचीच सजवलेली बंदूक देत आणि त्यांच्या मुलाबाळांची चौकशी सुरू करत. एक धिप्पाड युरोपियन गृहस्थ आपल्या मुलीच्या पोहण्याच्या शर्यतीबद्दल सांगता सांगता घामाघूम झालेला मी पाहिला आहे. तो गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "लावायला जागा दिली की माणूस लावतोच रे. लावणारा ऑफिसात बसलेला असतो. धरणारा होडीत उभा असतो."

त्यांनी निवडलेला हँडगार्ड साधा होता. अंगाने गोल, गुळगुळीत, हाताला चटका बसू नये म्हणून आतून हवा खेळती ठेवणारा. त्याला लांबट भोकं होती. जिथे गरज तिथेच छोटी पट्टी बसवायची, बाकी जागा हाताला मोकळी.

ऑप्टिक, म्हणजे वरची नेम धरायची काच, निवडताना मात्र एक गोष्ट घडली, ती ताईंची म्हणून सांगायला हवी.

त्या दलाचे काही पोलीस चाचणीसाठी आमच्याकडे आले होते. त्यांत एक तरुण शिपाई मुलगी होती. तिचा नेम चुकतो, तिला या तुकडीतून काढणार आहोत, असं तिच्या साहेबाने तिच्यासमोरच सांगून टाकलं. ती बूट बघत उभी राहिली. आम्ही तपासत होतो ती 'रेड डॉट' जातीची काच. त्यातून पाहिलं की एक तांबडा ठिपका दिसतो, तो ज्यावर ठेवाल तिथे गोळी जाते. ताईंनी सगळ्यांना कागद-पेन्सिल दिली आणि सांगितलं, "काय दिसतं ते काढा. बरोबर-चूक काही नाही."

बाकीच्यांनी ठिपके काढले. त्या मुलीने द्राक्षांचा घोस काढला.

साहेब म्हणाला, काच खराब आहे. विक्रेता म्हणाला, मुलगी नीट बघत नाही. ताईंनी आपला मोबाइल काचेमागे धरून फोटो काढला. फोटोत ठिपका गोल, स्वच्छ. "काच चांगली आहे आणि मुलगीही नीट बघते आहे," त्या म्हणाल्या. "तिच्या डोळ्याला सिलिंडरचा नंबर आहे. मलाही आहे. मला हा ठिपका जन्मात ठिपका दिसलेला नाही. फाटक्या स्वल्पविरामासारखा दिसतो." मग त्यांनी दुसरी एक काच तिच्या हातात दिली. तिच्यात उजेडाचा ठिपका नव्हता, खूण काचेवरच कोरलेली होती. मुलीने डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. साहेबाला ताई हळू आवाजात म्हणाल्या, "आधी हिला चष्मा करून द्या. मग काढायचं का ते बघा." ती मुलगी तुकडीत राहिली, असं नंतर कळलं.

ताईंचं घर बुकित पंजांगला, एलआरटीच्या, म्हणजे उंचावरून धावणाऱ्या छोट्या रेल्वेच्या, रुळाला लागूनच. नवरा अशोकराव एका जहाज कंपनीच्या हिशेब खात्यात, मुलगा सिद्धांत. महिन्यातून एका रविवारी त्यांच्याकडे चार-सहा मराठी बौद्ध कुटुंबं जमत. बुद्धवंदना होई, मग जेवण. एकदा त्यांनी मलाही बोलावलं. "तू मागे बसून राहा, काही म्हणायची सक्ती नाही. जेवायला मात्र पुढे बस," म्हणाल्या. नागपूरहून त्यांचे वडील आले होते. ते सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ऐंशीच्या पुढचे, पाठ सरळ, पांढरा सदरा. त्रिशरण-पंचशील म्हणताना त्यांचा आवाज सगळ्यांत शेवटी थांबायचा.

सिद्धांत त्या दिवशी घरी होता. तो नॅशनल सर्व्हिसमध्ये होता. सिंगापूरमध्ये वाढलेल्या मुलांना अठराव्या वर्षानंतर सैन्यात जावंच लागतं. डोक्याचा चकोट, रापलेला चेहरा. आठवडाभर कॅम्पात, शनिवार-रविवार घरी. ताई त्याला पाटवडीचा रस्सा वाढायला गेल्या तर तो तिथल्या इंग्रजीत म्हणाला, "आई, आय ईट लेटर, लाह," आणि सोफ्यावरच झोपला. ताई वाटी घेऊन तशाच क्षणभर उभ्या राहिल्या.

जेवणं झाल्यावर वडिलांनी विचारलं, "वंदे, तू त्या हापिसात नेमकं काय करून राहिली आता?"

ताईंनी सांगितलं. काही लपवलं नाही.

"भगवंतांनी सम्यक आजीविका सांगितली," वडील म्हणाले. "पोटासाठी काय करावं अन् काय नाही करावं. हत्याराचा धंदा त्यात नाही बसत. मी बंदूक उचलली तेव्हा मले दुसरं काही मिळत नव्हतं. तुले तं सगळं मिळालं. बाबासाहेबांमुळे मिळालं. मग हे काहून?"

ताई म्हणाल्या, "बाबा, बंदूक मी बनवत नाही. ती त्या पोलिसाच्या हातात असणारच आहे. त्याचा हात थरथरू नये, डोळा फसू नये, एवढं मी बघते. थरथरणारा हात भलत्याच माणसाला मारतो."

म्हाताऱ्याने मान हलवली. मग म्हणाले, "अन् तो भलता का बरोबर, हे कोण पाहते?"

ताई उठून भांडी उचलायला लागल्या.

आमच्या शिफारशीप्रमाणे त्या दलाने कार्बाइन घेतल्या. साधा हँडगार्ड, छोटी रेड डॉट, ज्यांना नंबर आहे त्यांना कोरलेल्या खुणेची काच. लेझर नाही, उभी मूठ नाही, टॉर्चही नाही. टॉर्च काढण्यामागे ताईंची दोन कारणं होती. एक वजन. दुसरं जास्त महत्त्वाचं होतं: बंदुकीवरचा टॉर्च वापरायचा म्हणजे ज्याला बघायचं त्याच्याकडे नळी करावी लागते. कोण आहे ते कळायच्या आधीच त्याच्यावर नेम. त्यापेक्षा जोडीतल्या एकाने हातात वेगळा टॉर्च धरावा, असं त्यांनी लिहून दिलं होतं. दलाने बंदुका घेतल्या. हातातले टॉर्च घ्यायचे राहून गेले.

वर्षभराच्या आत बातमी आली. एका छोट्या बेटाच्या धक्क्यावर, दिवेलागणीच्या वेळी, गस्तीच्या पोलिसाने होडीतल्या एका कोळ्यावर गोळी झाडली. माणूस जागीच गेला. तो वाकून दोर गोळा करत होता. हातात होडी ओढून घ्यायची आकड्याची काठी होती. तो काठी घेऊन उठला, आणि पोलिसाला वाटलं, बंदूक. दलाने आमच्याकडे गुप्त अहवाल पाठवला आणि विचारलं, साहित्यात काही दोष होता का.

आमचे साहेब, मिस्टर टॅन, मनाने चांगले होते. त्यांनी मीटिंग बोलावली आणि सुरुवातीलाच सांगितलं, "दोष काही नाही. वेगळे टॉर्च घ्या असं आपण कळवलं होतं, त्यांनी घेतले नाहीत. आपला प्रश्न नाही, लाह. तसं उत्तर पाठवू."

"टॉर्च काढायला मी सांगितलं होतं," ताई म्हणाल्या.

"वंदना, तू दुसरा घ्यायलाही सांगितलं होतंस."

"सांगितलं आणि विसरले. ते आले का, कोणाच्या हातात आहेत, हे एकदाही विचारलं नाही. होडीत दोघंच असतात. एकाचा हात इंजिनावर असतो. मग टॉर्च धरणार कोण? हे मला इथे बसून कळायला हवं होतं." मग त्या म्हणाल्या, "आपण सगळ्या चाचण्या भर उजेडात केल्या."

टॅनसाहेबांनी पेन बंद केलं. मग म्हणाले, "तुला काय करायचंय?"

"परत करायचंय. संध्याकाळच्या उजेडात."

आमच्या मजल्यावर एक लांब, बिनखिडक्यांचा पॅसेज होता. तिथले दिवे ताईंनी मंद करून घेतले, अगदी दिवेलागणीला असतो तेवढाच उजेड ठेवला. एका टोकाला नकली कार्बाइन घेऊन त्या उभ्या, दुसऱ्या टोकाला मी. माझ्याजवळ वस्तूंचा ढीग: छत्री, काठी, फोन, पाण्याची बाटली, गुंडाळलेलं वर्तमानपत्र, आणि नकली पिस्तूल. मी पाठ करून वाकायचं, काहीतरी उचलायचं आणि वळून उठायचं. मी काय उचललं ते त्यांनी सांगायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी छत्रीला बंदूक म्हटलं. मग बाटलीला. मग काठीला, दोनदा.

"हा ठिपकाच फार प्रखर आहे," त्या तिकडून म्हणाल्या. "अंधारात याच्यामागचं सगळं बुडतं." त्यांनी ठिपक्याची चमक कमी केली. तरी काठी चुकली.

रेड डॉटचा ठिपका फक्त बघणाऱ्याच्या काचेत असतो. समोरच्याच्या अंगावर काही पडत नाही. हे मला चांगलं माहीत होतं. तरीही त्या पॅसेजच्या टोकाला छत्री घेऊन उभं राहिलो की शर्टाच्या तिसऱ्या बटणापाशी काहीतरी जाणवायचं. बंदूक नकली, धरणाऱ्या ताई. तरीसुद्धा. तो कोळी वळला तेव्हा त्याला हे जाणवायला तरी वेळ मिळाला असेल का, असा विचार यायचा.

ताईंनी मग टॉर्च आणले. एकेक करून हँडगार्डवर लावले. लांब, बारीक झोताचे टॉर्च विक्रेत्यांना फार प्रिय, दूरवर जातात. त्या झोताने माझ्या छातीवर पांढरा ताटाएवढा गोल पडायचा आणि हात अंधारात राहायचे. शिवाय नळी माझ्याकडेच. ताईंना ते नको होतं. कित्येक दिवस त्या तो टॉर्च हँडगार्डवर पुढे-मागे, डावीकडे, उजवीकडे, खाली सरकवत राहिल्या. जेवायच्या सुट्टीतही पॅसेजमधून बाहेर येत नसत. मी डबा नेऊन दिला तर तो तसाच परत यायचा.

एका दुपारी मी वळून उठलो, हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र होतं. समोर ताईंनी बंदूक खांद्यावरून खाली घेतली होती, नळी त्यांच्या पायांपुढच्या फरशीकडे. आणि माझ्या अंगावर, चेहऱ्यावर, दोन्ही हातांवर मऊ, पसरट उजेड होता. त्यांनी रुंद झोताचा, लहानसा टॉर्च हँडगार्डच्या डाव्या बाजूला, अगदी पुढे, अंगठा पोचेल असा बसवला होता. मधला झोत फरशीवर पडत होता आणि त्याच्या कडेचा फिकट उजेड माझ्यापर्यंत पोचत होता.

"वर्तमानपत्र," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि तू दाढी केलेली नाहीस."

मी पुन्हा वाकलो, पुन्हा उठलो. काठी. फोन. छत्री. पिस्तूल. त्यांचं एकही चुकलं नाही. नळी पूर्ण वेळ जमिनीकडे होती.

मी धावत त्यांच्याकडे गेलो. मला वाटलं होतं त्या खूश असतील. त्या पॅसेजमध्ये भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. कार्बाइन मांडीवर आडवी, टॉर्च चालूच. "एवढंच होतं रे," त्या म्हणाल्या. "एवढीच गोष्ट होती."

टॉर्चचं वजन वाढलं तेवढं त्यांनी हँडगार्ड आखूड करून कमी केलं. दलाने नवी मांडणी मान्य केली, आणि ती बसवून दाखवायला ताई आणि मी तिकडे गेलो. तिथल्या मैदानावर पोलिसांकडून ताईंनी एकच गोष्ट घोटून घेतली: नळी खाली, उजेड समोर, आधी हात बघा. काम संपलं त्या संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "उद्या सकाळी मी त्या बेटावर जाऊन येते."

कंपनीने निघतानाच बजावलं होतं: त्या कुटुंबाशी कसलाही संपर्क नको, अहवाल गुप्त आहे. मी तसं म्हटलं.

"माहीत आहे. म्हणून तू येऊ नकोस. तुझा इथे राहायचा, नोकरीचा पास कंपनीच्या हातात आहे."

मी गेलोच. त्यांनी वाद घातला नाही, फक्त सांगितलं, "मग फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. विचारलं तर खरं सांगता येईल, की तू आत नव्हतास."

बेटावरचा एक शाळामास्तर इंग्रजी जाणणारा निघाला. तो ताईंना त्या घरी घेऊन गेला. खांबांवर उभारलेलं लाकडी घर, पुढे वाळूचं अंगण, दोरीवर मासे वाळत घातलेले. मी फाटकाबाहेर उभा होतो. मला सगळं दिसत होतं आणि बरंचसं ऐकूही येत होतं. कोळ्याची बायको साधारण ताईंच्याच वयाची. तिने ताईंना चटईवर बसवलं, पाणी दिलं. ताईंनी आपण कोण ते सांगितलं, बंदुकीवर काय लावायचं ते ठरवणारी बाई. मास्तर ते सांगताना अडखळला. बाई ताईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

मग तिने एक प्रश्न विचारला. मास्तरने तो इंग्रजीत केला: "ही विचारते, त्याने काय केलं होतं? इथे लोक म्हणतात, पोलीस उगाच मारत नाहीत. म्हणतात, तो चोरटा माल आणत असेल. तो पोलिसांच्या अंगावर गेला असेल. हिच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. ही विचारते, तुम्हाला माहीत असेल तर सांगा."

ताईंनी हातातला पेला खाली ठेवला. "काही केलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी पोलिसांचा अहवाल वाचला आहे. होडीत दोर आणि मासे होते, दुसरं काही नव्हतं. ते दोर गोळा करून उठले. हातात आकड्याची काठी होती. उजेड कमी होता, पोलिसाला ते दिसले नाहीत. दिसायला हवे होते. ते दिसावेत ही माझी जबाबदारी होती, आणि मी त्यात कमी पडले."

मास्तरने सांगितलं. मला वाटलं, आता बाई रडेल, किंवा ताईंना हाकलून देईल. ती उठली, अंगणात आली आणि मोठ्याने हाका मारायला लागली. आजूबाजूच्या घरांतून माणसं आली. जाळी विणणाऱ्या बायका, म्हातारे, एक दुकानदार. अंगण भरलं. बाई ताईंचा दंड धरून त्यांना पायरीपर्यंत घेऊन आली आणि मास्तरला काहीतरी म्हणाली.

"ही म्हणते, परत सांगा. यांच्यासमोर."

ताईंनी परत सांगितलं. तेच शब्द, त्याच क्रमाने, फक्त आवाज मोठा. मास्तर एकेक वाक्य त्यांच्या भाषेत करत होता. मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. बाईने पुन्हा सांगायला लावलं. ताईंनी तिसऱ्यांदा सांगितलं. त्या वेळी मात्र 'मी त्यात कमी पडले' म्हणताना त्यांचा आवाज फाटला. मग तो दुकानदार, जो बहुधा सगळ्यांत जास्त बोलला असावा, पुढे आला आणि त्या बाईसमोर मान खाली घालून उभा राहिला.

परतीच्या फेरीबोटीत ताई बाहेरच्या बाकावर बसल्या. सिंगापूरच्या इमारती दिसायला लागल्यावर फोनला रेंज आली, तेव्हा त्यांनी नागपूरला फोन लावला आणि वडिलांना सगळं सांगितलं. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. फोन ठेवल्यावर मी बघत होतो म्हणून म्हणाल्या, "बाबा म्हणाले, 'जाऊन आली ना? बरं केलं. जेवली का?'"

पुढे जे व्हायचं ते झालं. दलाची तक्रार आली. टॅनसाहेबांनी आपल्याकडून ताईंना सांभाळायचा प्रयत्न केला, पण गुप्त अहवाल फोडला ही गोष्ट लहान नव्हती, आणि ताई ती नाकारायलाही तयार नव्हत्या. मी त्या घरात होतो का असं मला विचारण्यात आलं. मी खरं ते सांगितलं, की नव्हतो. महिन्याभरात ताईंनी राजीनामा दिला. निरोपाचा केक त्यांनी स्वतःच कापला, स्वतःच सगळ्यांना वाटला, आणि ती ओढणी घडी घालून पर्समध्ये ठेवली. दुसरीकडे काम मिळायला त्यांना वेळ लागला. शेवटी इस्पितळाच्या खाटा बनवणाऱ्या एका लहान कंपनीत त्या लागल्या. त्या दलाने मात्र ताईंची मांडणी बदलली नाही. अजूनही तिथे टॉर्च तिथेच बसवतात, असं मला खात्रीने माहीत आहे.

मीही नंतर नोकरी बदलली. भेटी कमी झाल्या, फोनवर बोलणं व्हायचं. ताईंना शेवटचं पाहिलं ते एका रविवारी, बुकित पंजांगच्या एलआरटी स्टेशनवर. मी एका मित्राकडून परत निघालो होतो. फलाटाच्या दुसऱ्या टोकाला त्या सिद्धांतबरोबर उभ्या होत्या. तो गणवेशात, पाठीवर मोठी बॅग. कॅम्पात परत चालला होता. ताई त्याला काही सांगत नव्हत्या. नुसत्या शेजारी उभ्या होत्या. गाडी आली, तो आत शिरला आणि लगेच फोनमध्ये डोकं घातलं. ताईंनी हात वर केला. त्याचं लक्ष नव्हतं. दारं लागली. त्यांनी हात खाली घेतला नाही.

गाडी सुटता सुटता त्याने मान वर केली, आई दिसली, आणि तो हसून हात हलवायला लागला. त्या गाडीच्या काचा इमारतींजवळून जाताना आपोआप धूसर होतात, लोकांच्या घरात डोकावू नये म्हणून. वळणावर त्या तशा झाल्या. ताई तरी तिथेच होत्या, हात वर, त्या पांढऱ्या काचेकडे बघत. मी त्यांना हाक मारली नाही.